चहाघराच्या वाटेवरचा दगड

१

नोव्हेंबर सरत आला होता. रात्रभर डोंगराकडून सुटलेला कोरडा वारा पहाटे पडला, तेव्हा सुमिए ओगाता उठली. संध्याकाळी वाळत घातलेले टॉवेल दोरीवर पापडासारखे कडक झाले होते. त्यांच्या घड्या घालून तिने कालच्या मिसोच्या सारात मुळ्याच्या चकत्या टाकल्या, सार गरम केले, नवऱ्याच्या तसबिरीपुढे वाफाळत्या भाताची वाटी ठेवली आणि हात जोडले. मग वाटाड्यांची निळी बंडी अंगावर चढवून ती मिझुकुरा किल्ल्याकडे निघाली. पोलिसांच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून हाच तिचा नेम होता. उभा जन्म लोकांना प्रश्न विचारण्यात घालवलेली ही बाई आता पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत असे.

खंदकातली बदके अजून पंखांत चोची खुपसून होती. बागेतल्या पाइनना हिवाळ्याचे दोर चढत होते. बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून प्रत्येक झाडाच्या शेंड्यापासून उघड्या छत्रीच्या काड्यांसारखे दोर खाली ताणलेले असत. मेपलच्या उतारापाशी मात्र तिला एक गोष्ट खटकली. माळ्यांची तीन पायांची शिडी तिथल्या मोडक्या पायऱ्यांच्या तोंडाशी आडवी टाकलेली होती. मुख्य माळ्याच्या, ओयाकाताच्या, हाताखालचा माणूस अवजार कधी रात्रभर बाहेर ठेवत नसे. आज मदतनीस मुतोची धडगत नाही, असे मनाशी म्हणत ती चौकीत शिरली.

पहारेकरी हागी किटलीपाशी उभा होता.

"चहा ताजा आहे की कालचा?" तिने विचारले.

"पाणी कालचं, आच आजची. पोलिसांच्या जिभेला चव असते हे मला ठाऊक नव्हतं." त्याने टोपी घातली. "ओयाकाताची सायकल मागच्या फाटकाशी दिसतेय. म्हातारा एवढ्या लवकर आलाय की काल गेलाच नाही, कोण जाणे. फेरी मारून येतो."

तो परतला तेव्हा त्याने छातीशी एक दगड धरला होता. ओंजळीत मावेल एवढा गोल, काळ्या दोरीने चारी बाजूंनी आवळून वर गाठ मारलेला. असा दगड वाटेवर ठेवला की त्यापुढे जायचे नसते. पाटी लागत नाही, साखळी लागत नाही. इथले पोरसुद्धा तो ओलांडत नाही. हागीने तो टेबलावर ठेवला.

"चहाघराच्या वाटेवर होता हा," तो म्हणाला. "ओयाकाता आत बाकावर बसलेत. सायकल पाहिली म्हणून दगड उचलून आत गेलो. हाक मारली. उठत नाहीत."

दगडाच्या बुडाने टेबलावर ओले वर्तुळ उमटवले होते, आणि दोरीखाली मेपलचे एक लाल पान अडकले होते. सवयीने तिने फडक्याने ते पाणी टिपले आणि मग ती हागीच्या मागे धावली.

२

ओयाकाता म्हणजे किल्ल्याच्या बागेचा मुख्य माळी, साकाकी जूझो. सत्तरी उलटलेला, अबोल. चहाघरापुढच्या बाकावर तो ताठ बसला होता. अंगात सणाचा काळा अंगरखा, पायांत नव्या गवती चपला, शेजारी गवताचे एक रिकामे आसन. चपलांच्या तळांना मातीचा कणही लागलेला नव्हता, हे सुमिएने पाहून ठेवले.

हृदयविकाराचा झटका, असे डॉक्टर म्हणाले. आदल्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास. त्यानंतरही काही वेळ जीव असावा. पोलिसांना त्यात काही गैर दिसले नाही.

हागी मात्र खचला. "रोजची शेवटची फेरी मी तिथूनच घेतो," तो पुन्हा पुन्हा सांगे. "दगड दिसला आणि वळलो. दगडाच्या पलीकडे कोण कशाला असेल? सावकाश मरत होता हो तो, आणि मी शीळ घालत पुढे गेलो."

अंत्यसंस्कार झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी करड्या कोटातली एक बाई चौकीच्या दाराशी आली. सुमिएने तिला ओळखले. ओयाकाता गेला त्याच संध्याकाळी, बाग बंद होताना, ही बाई चहाघराच्या वाटेच्या तोंडाशी उभी होती. दगडापुढे तिने कमरेत वाकून नमस्कार केला आणि मागे फिरली. पाहुण्यांत एवढी रीत दुर्मिळ, म्हणून सुमिएला ती आठवत होती.

"मी मिसाओ," ती म्हणाली. "साकाकींची मुलगी. तुम्ही पूर्वी पोलिसांत होतात, असं कळलं."

वीसेक वर्षांत ओयाकाताच्या तोंडून कुणी मुलीचे नाव ऐकले नव्हते. सुमिएने तिच्यापुढे चहा ठेवला. तो तसाच निवत राहिला.

"बायको असलेल्या माणसाबरोबर मी घर सोडलं. आठवड्यानं गरम कपडे न्यायला परत आले, तर उंबऱ्यावर बांधलेला दगड. दार उघडंच होतं. कुलूप असतं तर मी भांडले असते, ओगाता-सान. दगड होता, म्हणून परत गेले."

"तो त्यांनी ठेवला होता?"

"घरात दुसरं कोण होतं? आई केव्हाच गेली होती. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. म्हणाले, पाइनना दोर चढतील तेव्हा ये. बाग बंद व्हायच्या वेळी चहाघराशी ये. मी आले. वाटेच्या तोंडाशी पुन्हा दगड." तिने पेला बाजूला सारला. "मला एवढंच सांगा. हा दुसरा दगडही त्यांनीच ठेवला का?"

"ठेवला असेल तर?"

"अस्थी चुलतभावाकडे आहेत. तो म्हणतो, तू घेऊन जा. ज्यानं मला दोनदा दारातून परतवलं, त्याला मी कुठल्या तोंडानं घरी नेऊ? उद्याच्या गाडीनं तशीच जाईन."

"आणि ठेवला नसेल तर?"

मिसाओने तिच्याकडे सरळ पाहिले. "तर ते आत जिवंत होते आणि मी नमस्कार करून निघून गेले. दोन्ही उत्तरं वाईटच आहेत. त्यातलं खरं कोणतं, ते मला हवंय."

३

चहाघरातल्या वस्तूंना कुणी हात लावला नव्हता. बाकावर दोन आसने शेजारी शेजारी होती. त्यांच्यामध्ये तबकात वाळवलेली पर्सिमनची फळे. बाकाच्या पायाशी लाकडी बादली, तिच्यात पळी. चहाघरामागे ओयाकाताचे कामाचे बूट धुऊन उपडे ठेवलेले.

सुमिए रिकाम्या आसनावर बसली. बांबूच्या वळणामुळे तिथून वाटेचे तोंड दिसत नव्हते. दगडापुढे वाकलेली मुलगी बापाला दिसली नसती आणि मुलीला बाप दिसला नसता.

बादली पाहता पाहता तिला टेबलावरचे ओले वर्तुळ आठवले. त्या रात्री पाऊस नव्हता, दव नव्हते. वाऱ्याने टॉवेल कडक केले होते. मग दगडाचे बूड सकाळपर्यंत ओले कसे राहिले? दगडाखाली वारा पोचत नाही म्हणून. म्हणजे तो आधीच ओल्या असलेल्या वाटेवर ठेवला गेला होता.

चहाला कुणी यायचे असले की यजमान वाटेवर पाणी शिंपतो. ओली वाट म्हणजे यावे, आम्ही वाट पाहत आहोत. बांधलेला दगड म्हणजे येऊ नये. एकाच वाटेवर एकाच संध्याकाळी दोन्ही निरोप दिले गेले होते, आणि पाण्याचा आधी.

पण एवढ्याने मिसाओचा प्रश्न सुटत नव्हता. माणूस पाणी शिंपतो आणि मग त्याचे मन फिरते. नोकरीत असताना सुमिएने किती तरी मने शेवटच्या पावलाला फिरलेली पाहिली होती. नव्या चपलांचे कोरडे तळ सांगत होते की त्या घातल्यावर म्हातारा ओल्या वाटेवर गेला नाही. पण घालण्याआधी?

तिने बादली बाजूला केली. बाकाखाली, बादलीच्या आड, आणखी एक बांधलेला दगड होता.

गाठ ओयाकाताच्या हातची होती. चहाघर बंद झाल्यापासून त्याच्या वाटेवर रोज असणारा दगड तो हाच. वाट मोकळी व्हावी म्हणून म्हाताऱ्याने तो उचलून आत आणला होता आणि स्वतःच्या पायांशी ठेवला होता. वाट पुन्हा बंद करायची असती तर दगड हाताशी होता.

तर मग हागीने आणलेला दगड कुठला? त्याच्या दोरीखाली मेपलचे पान होते, देठ काळा पडेस्तोवर रुतलेले. चहाघराच्या बाजूला नुसते पाइन आणि बांबू. मेपल फक्त उतारावर होते, मोडक्या पायऱ्यांपाशी. तिथून कुणी तरी दगड मुद्दाम उचलून इथवर आणला होता.

४

"तोयामा साहेब त्या दुपारी तिकडे गेले होते," हागीने सांगितले. "मी पाहिलं. पोलिसांना मात्र म्हणाले, कचेरीतून हललोच नाही."

किल्ल्याच्या कचेरीचा प्रमुख तोयामा गेले वर्षभर ओयाकाताला निवृत्त करू पाहत होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. सुमिए समोर बसली तेव्हा त्याने कागद सारखे केले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"तुम्हाला ते बागेतून जायला हवे होते," ती म्हणाली.

"हवे होते. त्या वयात माणसानं शिडीवर चढू नये. मागे एकदा वाटेवर दगड ठेवायला विसरले, एक पाहुणी आत जाऊन घसरली. तक्रार माझ्याकडे येते, ओयाकाताकडे नाही. पण त्यांचं वाईट व्हावं असं कधी मनात आलं नाही."

"मग खोटं का बोललात?"

तोयामाने दार लोटून घेतले. "चहाघराचं छप्पर धोक्याचं म्हणून ते मीच बंद करवलं होतं. ते इथे आले, जमिनीवर डोकं टेकलं. म्हणाले, मुलगी यायची आहे, तिला मानानं बसवायला माझ्याकडे दुसरी जागा नाही. एक संध्याकाळ द्या. तीस वर्षं ज्याला मान तुकवतो तो माणूस माझ्या पायाशी. काय करणार? म्हटलं, मी काही ऐकलं नाही असं समजा. पण कुणाला कळू देऊ नका. मुतोलासुद्धा."

"आणि त्यांनी शब्द पाळला."

"पाळणारच. त्या दुपारी छपराचे टेकू नीट आहेत ना, ते पाहायला गेलो होतो. ओयाकाता वाटेवरचा दगड उचलून आत नेत होते. तान्हं मूल न्यावं तसा." त्याचा आवाज खाली आला. "नियम मोडून परवानगी दिली आणि माणूस तिथेच गेला. भीती वाटली, म्हणून खोटं बोललो."

सुमिए उठली. तोयामाला वाट बंदच ठेवायची असती तर नुसते नाही म्हणणे पुरे होते. हागी दगडाला वर्षानुवर्षे वळसा घालत आला होता, स्वतः दगड ठेवणे हे त्याला आपले काम वाटतच नसे. शिवाय त्या संध्याकाळी बाग बंद होईपर्यंत तो फाटकावर पाहुण्यांना निरोप देत होता. आणि बंद होण्याच्या घाईत उतारावरून दगड उचलणाऱ्याने एक गोष्ट केली होती, जी वाईट हेतूचा माणूस सहसा करत नाही. मोडक्या पायऱ्यांवर कुणाचा पाय मुरगळू नये म्हणून त्याने तिथे शिडी आडवी टाकली होती.

५

मुतो शेवटच्या पाइनला दोर बांधत होता. चाळिशीला टेकलेला हा माणूस विसाव्या वर्षापासून ओयाकाताच्या हाताखाली होता. दोराचे टोक दातांत धरून त्याने तिला मान लववली.

"मुतो-कुन, त्या रात्री शिडी बाहेर राहिली."

त्याने टोक दातांतून काढले. "ओयाकाता असते तर आठवडाभर ऐकवलं असतं. म्हणाले असते, शिडीला थंडी वाजते, तुला नाही."

"पायऱ्यांवरचा दगड तू चहाघराच्या वाटेवर नेलास."

त्याने नाकारले नाही. उलट कुणी तरी विचारल्याचे त्याला बरे वाटल्यासारखे दिसले.

"तुम्हाला म्हणून सांगतो. सहा महिने झाले, त्यांचं डोकं जरा... कमरेला कात्री आणि बागभर शोधायचे. मला भलत्याच नावानं हाक मारायचे. 'मिसाओ, दोर धर.' मी धरायचो. कोण मिसाओ, विचारलं नाही. वाटेवर दगड ठेवायला विसरायचे, तेव्हा मी मागून जाऊन ठेवायचो. साहेबांना कळलं की घरी बसवतील, आणि घरी बसले की संपतील."

"आणि त्या संध्याकाळी?"

"उतारावरून चहाघर दिसतं. पाहिलं तर वाट शिंपलेली, दगड गायब, आणि ओयाकाता सणाचे कपडे घालून बसलेत. शेजारी दुसरं आसन. बंद चहाघर, कुणाला बोलावलेलं नाही, आणि ते शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून काही तरी बोलत होते. बोलण्याची तालीम करावी तसं." त्याने दोर हाताला गुंडाळला. "म्हटलं, आता पार गेलं डोकं. उशिराचे पाहुणे येतील, साहेब येतील, बघतील, हसतील. ते मला बघवलं नसतं. जवळचा दगड उचलला आणि वाट बंद केली. बसू दे म्हटलं निवांत."

"तू आत का गेला नाहीस?"

"गेलो असतो तर मी पाहिलं हे त्यांना कळलं असतं. मग त्यांनी मला तोंड कसं दाखवलं असतं? मनात म्हटलं, उठतील आणि मागच्या फाटकानं जातील. मी घरी गेलो." त्याने हातावरचा दोर पुन्हा उलगडला. "रोज वाटतं, जायला हवं होतं. मग वाटतं, निदान शेवटच्या दिवशी त्यांना कुणी हसलं नाही. त्यांच्यासाठी माझ्या हातून तेवढं एक काम बरं झालं."

 सुमिए खंदकाच्या काठाने बरीच दूर चालत गेली.

मिसाओच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी होते. बाकाखालचा दगड दाखवला की पुरे. मुतोने काही विचारले नव्हते. त्याच्या हाती एकच समाधान उरले होते आणि ते चुकीच्या समजावर उभे होते. त्याला तसेच ठेवावे का? पण मग ओयाकाता हा या माणसाच्या आठवणीत कायमचा भ्रमिष्ट म्हातारा राहणार होता, रिकाम्या आसनाशी बोलणारा. म्हातारा भ्रमिष्ट नव्हता. तो मुलीची वाट पाहत होता आणि वीस वर्षे न बोललेले वाक्य घोकत होता. ज्याने त्याच्यावर सर्वांत जास्त जीव टाकला, त्याला हे न सांगणे म्हणजे म्हाताऱ्यावर अन्याय होता.

ती परत फिरली.

६

"मुतो-कुन, मिसाओ कोण ते सांगते," ती म्हणाली आणि तिने सगळे सांगितले. तोयामाची परवानगी, करडा कोट, दगडापुढचा नमस्कार. काहीही सौम्य केले नाही, काहीही वाढवले नाही.

मुतोच्या हातात अर्धवट ताणलेला दोर होता. सोडला असता तर वरची फांदी खाली आली असती. त्याने तो पूर्ण ताणला, गाठ मारली, ओढून तपासली. मग तो झाडाच्या बुंध्याशी बसला.

"ती गावात आहे?" शेवटी त्याने विचारले.

"उद्याच्या गाडीनं जाणार आहे."

"आजचे पाहुणे गेले की तिला घेऊन या."

ऊन कलले तेव्हा सुमिएने मिसाओला आणले. वाटेत तिने बाकाखालच्या दगडाबद्दल सांगितले, ओल्या वर्तुळाबद्दल, कोऱ्या चपलांबद्दल. मिसाओ ऐकत होती. तिची पावले मध्येच अडखळली, पुन्हा चालू झाली.

"मग ठेवला कुणी?"

"तो समोर उभा आहे."

वाटेच्या तोंडाशी दगड नव्हता. आत वळणापर्यंत पायाखालच्या शिळा काळ्याभोर ओल्या होत्या, आणि बाजूला मुतो रिकामी बादली घेऊन उभा होता. त्याने ती खाली ठेवली आणि तो कमरेत वाकला. वाकलेलाच राहिला.

"मी ठेवला," तो म्हणाला. "त्यांना भ्रम झालाय असं मी समजलो. त्यांना कुणी हसू नये म्हणून वाट बंद केली. चूक माझी आहे."

 वारा नव्हता. बांबूत कुठे तरी एक पक्षी हलला.

"बाबा तुम्हाला काय म्हणायचे?" तिने विचारले.

"कधी मुतो." तो अजून वाकलेलाच होता. "कधी मिसाओ."

तिने कोटाच्या बाहीने चेहरा पुसला. मग ती म्हणाली, "उठा. तुम्ही असेच राहिलात तर मला पुढे जाता येणार नाही." आणि सुमिएकडे न वळता, "उद्याची गाडी चुकेल बहुतेक."

"परवाही असते," सुमिए म्हणाली.

मिसाओने पहिल्या ओल्या शिळेवर पाऊल ठेवले. हळूहळू, एकेका शिळेवरून ती गेली आणि बांबूच्या वळणाआड दिसेनाशी झाली.

हागी शेवटच्या फेरीला आला, तेव्हा दोघे तिथेच उभे होते. त्याने मोकळ्या वाटेकडे पाहिले आणि कंदील खाली केला.

"आत कुणी आहे?"

"ओयाकाताची पाहुणी," सुमिएने सांगितले. "आज फाटक उशिरा लावू."

हागी मान हलवून तिच्या शेजारी उभा राहिला. मुतो चौकीत गेला, टेबलावरचा दगड त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि मेपलच्या उतारावर नेऊन मोडक्या पायऱ्यांवर, गाठ वर करून, होता तिथे ठेवला. मग तिथे अजून आडवी पडलेली शिडी खांद्यावर घेऊन तो अवजारांच्या खोलीकडे गेला.